शरीराच्या स्वतःच्या ऊतीतून रक्तवाहिन्यांची पुनर्निर्मिती : परळ येथील एका प्रयोगाच्या अनुषंगाने

प्रस्तावना :
हृदयाची किंवा पायाची धमनी अरुंद झाली की तेथील ऊतीला प्राणवायू अपुरा पडतो. बायपास शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच पायातील शीर किंवा छातीतील धमनी वापरून पर्यायी मार्ग तयार केला जातो. परंतु ज्यांच्या बारीक वाहिन्याही सर्वत्र बंद झालेल्या असतात, त्यांना हा उपाय लागू पडत नाही. अशा रुग्णांच्या शरीराकडून त्याच जागी नव्या वाहिन्या निर्माण करून घेता येतील काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परळ येथील प्रयोग :
भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण १९६८ मध्ये करणारे के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. पी. के. सेन यांनी डॉ. जी. बी. परुळकर आदी सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये एक अभिनव संशोधन प्रसिद्ध केले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूचा बराच भाग हृदयाच्या पोकळीतील रक्तावरच पोसला जातो. या निरीक्षणावरून त्यांनी कुत्र्यांच्या रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयस्नायूला सुईने अनेक छिद्रे पाडली. पोकळीतील रक्त छिद्रांवाटे थेट स्नायूत झिरपावे, ही त्यामागील कल्पना होती.

पुढे सुईची जागा लेसरने घेतली व १९९८ मध्ये अमेरिकेत या पद्धतीस मान्यता मिळाली. मात्र शवविच्छेदनात बहुतेक छिद्रे बुजलेली आढळली. तरीही अनेक रुग्णांची छातीतील वेदना कमी झाली होती. जखमेभोवती नव्या केशवाहिन्या फुटल्या, वेदना वाहणारे मज्जातंतू नष्ट झाले, अथवा उपचारावरील विश्वासानेच बरे वाटले, अशी तीन स्पष्टीकरणे पुढे आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅथेटरद्वारे लेसर दिलेले रुग्ण व लटका उपचार मिळालेले रुग्ण यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

वाहिनी फुटण्याची प्रक्रिया :
प्राणवायू घटताच पेशींतील विशिष्ट प्रथिन साठू लागते व वाहिनीवर्धक घटक स्रवतात. जवळच्या केशवाहिनीच्या आतील स्तराच्या पेशी त्या दिशेने सरकतात, विभाजित होतात व नवी नलिका तयार होते. प्राणवायूच्या या संवेदनयंत्रणेवरील संशोधनास २०१९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. तथापि केशवाहिनी म्हणजे धमनी नव्हे. स्नायूचे आवरण असलेली, पुरेसे रक्त वाहून नेणारी वाहिनी निर्माण होणे हे अधिक कठीण आहे.

स्वतःच्या पेशींचा वापर :
२००२ मध्ये जपानी संशोधकांनी रुग्णांच्याच अस्थिमज्जेतील पेशी रक्तपुरवठा खुंटलेल्या पायाच्या स्नायूत टोचल्या व सुधारणा नोंदविली. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत अशा पेशी धमनीतून देऊनही पाय कापावा लागण्याचे प्रमाण घटले नाही. कोणाला खरा उपचार मिळाला, हे तेथे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते.

निष्कर्ष :
छिद्र असो वा पेशी, ती केवळ निमित्त ठरते. वाहिनी घडविते ते शरीरच. म्हणून 'बरे वाटले' या अनुभवावरून 'वाहिनी तयार झाली' असे अनुमान काढता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त आजारांखेरीज मूलपेशींचा वापर केवळ नियंत्रित चाचणीतच करता येतो. पालघर-बोईसर परिसरातील एखाद्या कुटुंबाने पाय वाचविण्याच्या आशेने अशा महागड्या उपचारासाठी कर्ज काढण्यापूर्वी ही गोष्ट त्यास ठाऊक असणे आवश्यक आहे. तंबाखू सोडणे हा बिनखर्चाचा व सिद्ध उपायही त्यास प्रथम सांगितला गेला पाहिजे. विद्यार्थ्यांपर्यंत व त्यांच्याद्वारे घराघरांत ही माहिती पोहोचविणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे.