मेगरचा काटा

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये जपानहून आलेलं जुनं व्हीएमसी, म्हणजे धातू कापून आकार देणारं मशीन, आत्ताच जागेवर बसवलंय. न्हावाशेवाहून ज्या लाकडी खोक्यातून ते आलं, त्याच्या फळ्या अजून दारातच पडल्यात. मालक फाइल उघडून दाखवतात. चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र, कस्टम्सचे कागद, सगळं नीट लावलेलं. "पेपर क्लिअर आहेत मामा. जोडा सप्लाय."

मामा, म्हणजे इथले जुने वायरमन, आधी पॅनलची चावी मागतात.

दार उघडताच शिळ्या कूलंटचा आंबूस वास येतो. नेमप्लेटवर ३ फेज, २०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. आपला थ्री-फेज ४१५ व्होल्टचा, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर बसल्याशिवाय सप्लाय जोडायचाच नाही. जपानात पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०, म्हणून तिथली बरीच यंत्रं दोन्हींवर चालणारी असतात. अमेरिकेचं मशीन असतं तर ४८० व्होल्ट, ६० हर्ट्झचा वेगळाच हिशेब. तिकडे काळ्या वायरीत फेज असतो, आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल! मामा रंगावर जातच नाहीत. मल्टिमीटर लावून एकेक वायर कुठून कुठे जाते ते बघतात, कारण सर्किट डायग्राम आलाय तो सगळा जपानीत.

आता मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र. ड्राइव्ह आणि कंट्रोलरच्या वायरी आधी सोडवून ठेवल्यात, नाहीतर ५०० व्होल्टमध्ये त्यांची कार्डं जातील. स्पिंडल मोटरला लावून मामा हँडल फिरवतात. काटा थेट पलीकडच्या टोकाला. मग कूलंट पंप. हँडल गरगर फिरतंय, काटा शून्यापाशीच घुटमळतोय. आयईसी ६०२०४-१ या मानकाप्रमाणे किमान १ मेगाओहम हवा. इथे पावसुद्धा नाही. वाइंडिंगला ओल लागलीय. त्यात अर्थिंग सुटलेलं असेल, तर पंपाच्या बॉडीला हात लावणाऱ्याला शॉक बसणार.

"साहेब, हे बघा." मशीनच्या दाराच्या स्विचपाशी दोन टर्मिनलांमध्ये बोटभर पिवळी वायर आहे. टोकं नीट सोलून, स्क्रूखाली घट्ट आवळलेली. "इंटरलॉक डायरेक्ट केलंय." म्हणजे दार उघडं असलं तरी स्पिंडल फिरत राहणार.

मालकांचा चेहरा उतरतो. ते प्रमाणपत्र पुन्हा वाचतात. उत्पादनाचं वर्ष, अवस्था, उरलेलं आयुष्य, किंमत. मूल्य ठरवायला कस्टम्सला लागतं ते सगळं त्यात आहे, मेगरचं रीडिंग एकही नाही. तो कागद त्यासाठी नसतोच. मशीनवर सीई चिन्ह असतं तरी तो उत्पादकाने नव्या मशीनबद्दल दिलेला शब्द. पुढे कुणी असा पिवळ्या वायरीचा जंपर टाकला, ते त्यावरून कसं कळणार? यंत्र हद्द ओलांडतं तेव्हा किमतीची चौकशी होते, आणि ऑपरेटरच्या जिवाची चौकशी वायरमनवर येऊन पडते. हे मला मान्य नाही.

परदेशातून जुनं मशीन घेणार असाल, तर सौदा करतानाच सर्किट डायग्राम आणि इन्सुलेशन व अर्थिंगची रीडिंग्ज लेखी मागा. मशीन आल्यावर परवानाधारक माणसाकडून आपल्या शेडमध्ये ती पुन्हा घ्या, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत कामगाराला त्या मशीनवर उभं करू नका.