बॅटरी नवी, पट्टी वेगळी : कुंपण बंद अन् गवा उसात

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागात जंगलाकडेला शेती असणाऱ्याला झटका मशीन म्हणजे काय हे सांगायला नको. दाजीपूरचं अभयारण्य 1958 सालचं, गवा त्याच्याही आधीचा. एका रात्रीत कळप वर्षाची मेहनत तुडवून जातो. म्हणून सौर कुंपण आलं, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही मिळालं. या कुंपणाचा जीव पेटीतल्या पाणी न घालायच्या सीलबंद बॅटरीत असतो. आणि घोटाळा होतो तो बॅटरीवरच्या दोन बारक्या पट्ट्यांपाशी.

दुकानात आपण "बारा व्होल्ट, सात एएच" एवढंच मागतो. बॅटरी मिळते, पेटीत बरोबर बसतेही. पण तिच्या पट्ट्या दोन मापांत येतात. एक 4.8 मिलिमीटर रुंद, तिला एफ-वन म्हणतात. दुसरी 6.3 मिलिमीटर, ती एफ-टू. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. डोळ्याला लवकर दिसत नाही. वायरीची क्लिप जुन्या मापाची, पट्टी नव्या मापाची, मग सुरू होते पक्कड आणि कानस!

क्लिप सैल पडली तर दाबून बसवतात. पट्टी रुंद असली तर कानसीनं घासतात, नाहीतर वायर सोलून तशीच गुंडाळतात. मशीन टिकटिकायला लागतं, माणूस घरी येऊन झोपतो. झटका मशीन बॅटरीतून वीज थोडीच ओढतं, त्यामुळं कच्चा जोडही काही दिवस चालून जातो. पण घासलेल्या पट्टीवरचा मुलामा गेलेला असतो, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, हिरवट गंज चढायला वेळ लागत नाही. पॅनेलकडून येणारी वीजही त्याच जोडातून जाते. जोड अडवू लागला की बॅटरी अर्धपोटी राहते आणि अर्धपोटी राहून लवकर मरते. दोष मात्र कंपनीला, नाहीतर दुकानदाराला!

थोडा हिशेब करा. जोडाचा अडथळा 0.1 ओहम धरा. चार्जिंगचा फवारणी पंप 3 अँपिअर घेत असेल तर त्या जोडात 0.3 व्होल्ट जातात, फार बिघडत नाही. पण ग्रामपंचायतीच्या संगणकाच्या यूपीएसवर 300 वॅटचा भार असेल तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून निदान 25 अँपिअर निघतात. त्याच जोडात आता अडीच व्होल्ट जातील आणि 62 वॅटची उष्णता होईल. जुना साठचा बल्ब हाताला कसा लागायचा, ते आठवा. क्लिपचं प्लास्टिक वितळतं ते यामुळं.

उपाय फार खर्चाचा नाही. जुनी क्लिप कापून टाका आणि पट्टीच्या मापाची नवी क्लिप क्रिम्पिंगच्या पकडीनं बसवून घ्या. साध्या पकडीनं चेपलेली सुटते. एक गंमत ध्यानात ठेवा. क्लिपवरची तांबडी, निळी, पिवळी नळी वायरीची जाडी सांगते, प्लस-मायनस नव्हे. तांबडी बारीक वायरीला, पिवळी जाड वायरीला. बसवल्यावर वायर ओढून बघा. क्लिप पट्टीवर जोर लावूनच चढली पाहिजे. दोन मापांना जोडणारा छोटा अडॅप्टरही मिळतो, झटका मशीनला तो चालेल. यूपीएसला नको, तिथं एक जोड जास्त म्हणजे एक दुखणं जास्त.

बॅटरीच्या पट्टीला थेट कथलाचा डाग कधीच देऊ नका. उष्णतेनं पट्टीच्या बुडाचं सील सैल होतं आणि आम्ल पाझरतं. एका वेळी एकच वायर हाताळा, दोन्ही पट्ट्यांना पाना एकदम टेकला तर ठिणगी पडते. ट्रॅक्टरच्या बॅटरीत प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, त्यामुळं चूक सहसा होत नाही. या लहान बॅटरीच्या दोन्ही पट्ट्या बहुतेक वेळा सारख्याच असतात, तिथं खूण वाचूनच वायर लावायची. जोड पक्का झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या आणि प्लसच्या वायरीत फ्यूज ठेवा.

बॅटरी दगा देते म्हणून वैतागून लाइनची वीज थेट तारेत सोडणारे महाभागही आहेत. तो सरळ गुन्हा आहे. त्यात जनावरं मेली, रात्री पाणी पाजायला गेलेली माणसंही मेली.

ग्रामपंचायत आणि दूध संस्थेनं कोटेशन मागवताना व्होल्ट आणि एएचच्या पुढं "पट्टी 4.8" किंवा "पट्टी 6.3" एवढे शब्द लिहावेत. शेतकऱ्यानं तर जुनी बॅटरी आणि कापलेली क्लिप, दोन्ही पिशवीत घालूनच दुकान गाठावं. जुनी बॅटरी तिथंच परत द्यायची, तिच्या शिशाचे पैसे वजा होतात.