चार फुटांचा समुद्र घर बदलतो

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि जवळजवळ तितक्याच उंच टँकमध्ये साधारण 400 लिटर खारं पाणी मावतं. म्हणजे नुसतं पाणीच 400 किलोंच्या वर. असा भरलेला टँक उचलायला गेलात, तर काचा धरून ठेवणारं सिलिकॉन पीळ सोसत नाही. त्यामुळे घर बदलताना प्रवाळांचा टँक आधी रिकामाच करावा लागतो. तो रिकामा करायला घेतला की त्यातलं खरं नवल कळतं.

मासे दिसतात, प्रवाळ दिसतात. पण हा सगळा संसार ज्यांच्या जिवावर चालतो ते जिवाणू दिसत नाहीत. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात आणि बंद पेटीत तो लवकरच जीवघेणा ठरला असता. खडकावरचे काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. त्याच सच्छिद्र दगडाच्या खोल आतल्या भागात प्राणवायू पोचत नाही. तिथे राहणारे तिसरेच जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात सोडून देतात. मुठीएवढ्या दगडात एवढी कामाची वाटणी! जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 साली आपली पद्धत जगापुढे मांडली. समुद्रातले असे जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते समुद्री जीव सांभाळत.

म्हणून स्थलांतरात सर्वाधिक जपायचा तो खडक. अनेकांना जुनं पाणी थेंबभरही सांडू नये असं वाटतं. जुन्या पाण्यामुळे क्षारता आणि तापमान एकदम बदलत नाही, एवढा फायदा नक्की आहे. पण ते उपयोगी जिवाणू मुख्यतः खडकाला चिकटून असतात, पाण्यात तरंगत नाहीत. खडक पिंपात बुडवून न्यावा. प्रवास अगदी छोटा असेल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. तो वाळला तर त्यावरचे स्पंज, किडे मरून कुजतात आणि अमोनिया वाढतो, नेमका तो निस्तरणारे जिवाणू घटलेले असताना. पोटातला ई-कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियावर जगणाऱ्या या जिवाणूंना त्यासाठी बहुतेक अख्खा दिवस लागतो. गेलेली वस्ती चटकन परत येत नाही.

तळाची वाळू मात्र फसवी. जुन्या, जाड थरात गाळ साठतो आणि प्राणवायू नसलेल्या जागी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ती ढवळून तशीच नव्या घरी ओतणं म्हणजे विष कालवणं. वाळू स्वच्छ धुवावी, नाहीतर नवी घ्यावी.

मला सर्वांत थक्क करते ती माशाच्या पिशवीतली रसायनक्रिया. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. सामू उतरला की अमोनियाचा आणखी मोठा भाग अमोनियम होतो, आणि ते त्या मानाने निरुपद्रवी असतं. माशाचा श्वासच त्याच्या विषाची धार कमी करतो! पण लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि अमोनियम पुन्हा अमोनिया होऊ लागतं. म्हणून आधी बंद पिशवीच टँकच्या पाण्यावर तरंगू द्यावी, तापमान जुळलं की उघडून माशाला वेळ न दवडता नव्या पाण्यात सोडावं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नये.

समुद्रफूल दगडाला पायाने घट्ट धरून बसतं. त्याला ओढू नये, पाय फाटतो, दगडासकटच न्यावं. प्रवाळ अंग आक्रसून चिकट स्राव सोडतात. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं प्रवाळांना देतात. ताण फार झाला तर हीच शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. म्हणून नव्या घरी दिवे सुरुवातीला मंदच ठेवावेत.

मालवणच्या समुद्रात उतरलात, तर तिथला प्रवाळाचा किंवा खडकाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणू नका. खडक रचणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.