हरणाच्या शिंगांनी खणलेला खंदक

विहीर खणताना तुम्ही पाहिली असेल. पहिले दोन पुरुष काम झपाट्याने होते. नंतर खणणारा थोडा आणि ओढणारे फार, अशी स्थिती होते. वर उभ्या असलेल्यांना त्याचे कारण नीटसे कळत नाही. घमेले डोक्यावर घेऊन शिडी चढणाऱ्याला मात्र ते लगेच कळते. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

इंग्लंडच्या दक्षिण भागात विल्टशायर नावाचा परगणा आहे. प्रसिद्ध स्टोनहेंजपासून सुमारे 30 किलोमीटर उत्तरेस तेथे एव्हबरी हे खेडे लागते. या खेड्याची गंमत अशी, की त्याचा बराचसा भाग एका प्रचंड वर्तुळाच्या पोटात वसलेला आहे. बाहेरून मातीचा गोल बांध, त्याच्या आत खोल खंदक आणि खंदकाच्या कडेने उभ्या केलेल्या शिळा. बांधासकट वर्तुळाचा व्यास सुमारे 420 मीटर भरतो. नवाश्मयुगातल्या, म्हणजे शेती आणि पशुपालन करणाऱ्या पण धातू न वापरणाऱ्या लोकांनी हे काम केले. काळ ढोबळपणे इ. स. पू. 2600 च्या आसपासचा. त्या सुमारास आपल्याकडे सिंधूच्या खोऱ्यात विटांची शहरे उभी राहत होती.

हा किल्ला असेल काय? चटकन तसे वाटते खरे. पण किल्ल्याचा खंदक तटाच्या बाहेर असतो, आत नव्हे. येथे उलट आहे. शत्रू बांधावर चढला, तर तो वर आणि रक्षण करणारे खाली, असा प्रकार होईल! तेव्हा ही जागा लढाईसाठी नसून लोकांनी एकत्र जमण्यासाठी होती, असे बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात.

आज खंदक पाहिला तर त्याच्या मूळ खोलीची कल्पना येत नाही, कारण तो निम्म्याहून अधिक बुजलेला आहे. हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी 1908 ते 1922 या काळात अधूनमधून तेथे उत्खनन केले, तेव्हा तळ सुमारे 9 मीटरवर लागला. म्हणजे तीन मजली इमारत आत उभी राहील! तळाशी त्यांना हत्यारेही मिळाली. तांबड्या हरणाची शिंगे हीच कुदळ. आपल्या सांबराप्रमाणे या हरणाचीही शिंगे दरवर्षी गळून पडतात. त्यांची एक फांदी ठेवून बाकीच्या छाटल्या, की झाले हत्यार. माती ओढायला गुरांच्या फऱ्याचे, म्हणजे खांद्याचे पसरट हाड वापरीत.

आता थोडे गणित करू. खंदकातून निघालेला माल साधारण 1 लाख घनमीटर धरू. आपल्याकडील बांधकामाच्या भाषेत 35,000 ब्रासहून अधिक. जमीन खडूसारख्या पांढऱ्या चुनखडकाची आहे. एका घनमीटरचे वस्तुमान 2 टन धरले, तर एकूण 2 लाख टन, म्हणजे 2 × 10⁸ किलोग्रॅम. खंदक वर रुंद व खाली अरुंद असल्याने त्यातील मालाचा गुरुत्वमध्य जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरवर होता. तो बांधावर जमिनीच्या वर 2 मीटरपर्यंत गेला असे मानू. म्हणजे उचल साडेपाच मीटर.

कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची. आकडे घातले की उत्तर येते सुमारे 1.08 × 10¹⁰ ज्यूल. त्याला 36 लाखांनी भागा. फक्त 3,000 युनिट वीज! महिन्याला 100 युनिट लागणाऱ्या घराचे अडीच वर्षांचे बिल. येथे विद्यार्थी हमखास म्हणतात, ‘सर, शून्य चुकले.’ शून्य चुकलेले नाही.

माणूस दिवसभर टिकेल अशा वेगाने सुमारे 75 वॅट शक्ती लावू शकतो. त्या हिशेबाने हे काम 40,000 तासांत संपायला हवे. पुरातत्त्वज्ञांचा अंदाज मात्र 15 लाख मनुष्यतासांच्या घरात जातो. म्हणजे सदतीस-अडतीस पट! मग बाकीचे श्रम गेले कोठे?

विहिरीतल्या शिडीकडे परत चला. 15 किलोची टोपली घेऊन 55 किलोचा माणूस चढतो, तेव्हा तो 70 किलो उचलत असतो. उपयोगी काम पाचव्या हिश्शाहूनही थोडे जास्त, एवढेच. टोपली हातोहात वर दिली तर हा तोटा कमी होतो, पण माणसे जास्त लागतात. शिवाय खडक फोडणे, सैल करणे, टोपलीत भरणे, बांधावर पसरणे. या कामांना आपल्या सूत्रात जागाच नव्हती. सूत्र बरोबर होते. आपण विचारलेला प्रश्न अपुरा होता.

15 लाख तास म्हणजे किती माणसे? 200 माणसे रोज 8 तास, वर्षातले 300 दिवस राबली, तर तीन वर्षे. तीच माणसे शेती सांभाळून वर्षाला 60 दिवस आली, तर सुमारे सोळा वर्षे. गुणाकार तोच! पण समाज वेगळा. पहिल्या चित्रात मजुरांना पोसणारा कोणी सत्ताधीश लागतो, दुसऱ्यात गावोगावचे शेतकरी हंगामात जमतात. यातले खरे कोणते, हे भौतिकशास्त्र सांगू शकत नाही; तेथे मातीच बोलते. बांधाच्या पोटात आधीच्या एका लहान बांधाची खूण सापडली आहे आणि त्या बांधावर माती व गवताचा थर धरलेला होता. अर्थात काम एका दमात झालेले नाही. शिवाय दोनएक किलोमीटरवरच्या विंडमिल हिलवर याहून हजार वर्षे जुनी, तुटक खंदकांची तीन वलये आहेत. त्यांत जनावरांची पुष्कळ हाडे मिळाली. एकत्र जमावे, खणावे, जेवावे, ही रीत तेथे जुनीच होती. माझा कल दुसऱ्या चित्राकडे आहे.

शिंगांचा आणखी एक उपयोग झाला. शिंग काही महिन्यांतच वाढते आणि गळते. तेव्हापासून त्यातला कार्बन-14 केवळ घटत जातो. अर्धायुष्य 5,730 वर्षे. त्यामुळे 4,600 वर्षांनी सुमारे 57 टक्के उरतो. जुन्या झाडाच्या गाभ्यातले लाकूड घेतले, तर खंदकाचे नव्हे, झाडाच्या बालपणाचे वय हाती येईल. शिंगाला ती अडचण नाही. हवेतील कार्बन-14 चे प्रमाण मात्र सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून हे वय झाडांच्या वलयांशी ताडून दुरुस्त करावे लागते.

खंदक बुजतो कसा, हेही प्रयोगाने पाहिले गेले. एव्हबरीपासून जवळच ओव्हर्टन डाउन येथे 1960 साली शास्त्रज्ञांनी एक बांध व खंदक मुद्दाम तयार केला. काही भाग शिंगांनी आणि हाडांनी खणून पाहिला. उभ्या कडा हिवाळ्यातल्या गोठण्याने सुटतात आणि ढासळतात. पहिल्या काही वर्षांतच तळ झपाट्याने भरतो, पुढे उतार सौम्य झाला की वेग मंदावतो. म्हणून छेद घेण्याच्या मुदतीही दुप्पट-दुप्पट ठेवल्या आहेत: 1, 2, 4, 8, 16, 32, 64 आणि 128 वर्षे. शेवटचा छेद 2088 सालचा. तेव्हा तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलेली असेल.