बुंध्यावरची अळंबी

आषाढ-श्रावणात मुलुंड-बोरिवलीच्या रस्त्यांवर एखाद्या गुलमोहराच्या बुंध्याशी तांबूस, लाखेसारखे चकचकीत पंखे फुटलेले दिसतात. लोक त्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतात. वस्तुतः ही गॅनोडर्मा नावाची काष्ठासारखी कठीण अळंबी होय. तिचे तंतू मुळे व बुंधा आतून कुजवीत असतात. पंखा बाहेर येतो तो पुष्कळ उशिरा. वर पालवी हिरवीगार, खाली आधार पोकळ! असे झाड वादळात कोसळले की माणसे दगावतात.

आंब्यावरील बांडगुळाची गोष्ट निराळी. ती हिरव्या पानांची सपुष्प वनस्पती. तिचे बी फुलटोचा पक्षी पेरतो. ती फांदी वेळीच कापली की बहुधा भागते. सालीवरचे राखी ठिपके, म्हणजे मसाल्यातील दगडफुलाचे भाऊबंद, तर निरुपद्रवीच.

हा भेद ठाऊक नसेल तर निरोगी झाडावर कुऱ्हाड पडते आणि कुजलेले उभे राहते. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांस वारसा वृक्ष मानले. कूजही वृद्ध झाडांसच अधिक लागते. मग पावसाळापूर्व छाटणीच्या खर्चात अळंबी ओळखणाऱ्या जाणकाराचे वेतन का धरू नये?