फेसबुकसारखी साईट किती दिवसांत होते?

कोल्हापुरात इंजिनिअर म्हटलं की एक प्रश्न ठरलेला: "भावा, फेसबुकसारखी साईट किती दिवसांत करून देशील?"

फेसबुकचंच बघा. पहिली आवृत्ती काही आठवड्यांत झाली आणि ४ फेब्रुवारी २००४ ला हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. पण न्यूज फीड आलं २००६ मध्ये, लाईक बटण २००९ मध्ये. म्हणून मी आधी विचारतो, पहिल्या दिवशी नेमकं काय पाहिजे?

समजा, तालमीच्या पोरांसाठी साईट करायची आहे आणि डेव्हलपर दोघे. माझा अंदाज असा: लॉगिन आणि प्रोफाईल २ आठवडे, पोस्ट आणि फोटो ३, फ्रेंड रिक्वेस्ट आणि नोटिफिकेशन २, टेस्टिंग २. झाले ९.

बहुतेक जण इथंच थांबतात. पण कुणी एखाद्या मुलीचा फोटो तिला न विचारता टाकला तर? रिपोर्टचं बटण पाहिजे, पोस्ट काढायची सोय पाहिजे. २०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार अधिकारीही नेमावा लागतो. त्याचे ३ आठवडे धरा. झाले १२. अडचणींसाठी वर निम्मे, म्हणजे १८.

गणपतीत सुरू करायची असेल तर एप्रिलमध्येच कामाला लागा. आणि कुणी "पंधरा दिवसांत देतो" म्हणाला, तर एवढंच विचारा: तक्रार आली तर बघणार कोण?