एकाच कानाने कमी ऐकू येते का?



वय झाले की ऐकू कमी येणारच, असे आपण धरून चालतो. पण म्हातारपणाचा बहिरेपणा बहुधा दोन्ही कानांना सारखा येतो. फोन डाव्या कानाला लावला तर बोलणे कळते, उजव्याला लावला तर शब्दच लागत नाहीत, त्याच कानात सतत गुणगुण होते, चालताना तोल जातो, असे असेल तर घरच्या डॉक्टरांना जरूर सांगावे. श्रवणचाचणीत दोन कानांत फरक दिसला तर एम.आर.आय. करतात. पेसमेकर असल्यास आधीच सांगावे. ऐकू येणे अचानक बंद झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

क्वचित या तपासणीत श्रवणनसेवर गाठ सापडते. तिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. ही गाठ शरीरात पसरत नाही, वाढते ती हळूहळू, आणि कित्येक गाठी वर्षानुवर्षे वाढतच नाहीत. उपचाराचे मार्ग तीन आहेत.

1. लक्ष ठेवणे : गाठ लहान असेल तर साधारण सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी एम.आर.आय. करून ती वाढते का ते पाहतात. मुलांना वाटते, गाठ आहे तर काढूनच टाकावी. पण उतारवयात थांबून पाहणे म्हणजे हयगय नव्हे, तोही उपचारच आहे.

2. किरणोपचार : गॅमा नाइफमध्ये नावाप्रमाणे सुरी नसते. बारीक किरण नेमके गाठीवर सोडतात. गाठ नाहीशी होत नाही, पण बहुतेकांची वाढ थांबते. सुमारे 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला हा मार्ग चालतो.

3. ऑपरेशन : गाठ मोठी होऊन मेंदूवर दाब आला तर हे करावे लागते. चेहऱ्याची नस अगदी शेजारून जाते, म्हणून तोंड वाकडे होण्याचा धोका असतो.

गेलेले ऐकणे यांपैकी कशानेही सहसा परत येत नाही. त्यासाठी श्रवणयंत्र, आणि तोल सुधारण्यासाठी फिजिओथेरपीचे व्यायाम आहेत.

डॉक्टरांकडे जाताना घरचे कोणीतरी बरोबर न्यावे आणि विचारावे : गाठ किती मोठी? थांबलो तर काय होईल? माझ्या वयात धोका किती? इस्पितळात जाण्याआधी कुपत खोलीमकडून तोफेस 17 लागतो का, तेही पाहावे.

सर्वांना रेफुआ शलेमा!